सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) चालू आहे, कानात सूं वाजतंय, पण ऑडिओग्राम (ऐकण्याची टेस्ट) नॉर्मल आलाय. पुढे काय करू?

कोथरूडची_लेक: नमस्कार, बाबांना (वय ५८) घशाचा कॅन्सर आहे, रेडिएशनसोबत दर ३ आठवड्यांनी सिस्प्लॅटिन, दोन डोस झालेत. दुसऱ्यानंतर रात्री कानात सारखं सूं वाजतं म्हणतात आणि मिक्सर चालू असला की आई काय बोलते ते कळत नाही. टेस्ट केली तर सगळं नॉर्मल. केमोच्या आधी कान तपासायला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे ताडून बघायला जुना रिपोर्टच नाही, याचं फार वाईट वाटतंय. तिसरा डोस गुरुवारी आहे. नॉर्मल आलंय म्हणून गप्प बसू का?

ऑडिओ_धायरी: अजिबात गप्प बसू नका. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. नेहमीची टेस्ट ८००० हर्ट्झपर्यंतच असते, आणि सिस्प्लॅटिन कानातल्या शंखाच्या बुडाशी असलेल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी आधी मारतं, तिथे सगळ्यात उंच, बारीक आवाज ऐकू येतात, म्हणजे सुरुवात ८००० च्या वरच होते. हाय फ्रिक्वेन्सी ऑडिओमेट्री, म्हणजे ८००० च्या वरची टेस्ट, करून घ्या. धनकवडीत भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी कॉलेज आहे, तिथे मशीन आहे का फोन करून विचारा. जुना रिपोर्ट नाही तर नाही, गुरुवारच्या आत होईल तो पहिला धरा आणि पुढे प्रत्येक डोसच्या आधी परत करा. आधीच्या रिपोर्टपेक्षा ऐकणं एका फ्रिक्वेन्सीला २० डेसिबल किंवा शेजारशेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींना १० ने घसरलं तर तो बदल धरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत हो, म्हणून घाई. डोस बदलायचा की कार्बोप्लॅटिन (दुसरं केमोचं औषध) द्यायचं ते ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) ठरवतील, आपल्या मनाने काही थांबवू नका.

छकुलीचा_बाबा: आमच्या मुलीला ३ वर्षांची असताना हेच औषध होतं. एवढं लहान पोर आवाज आला की हात वर करून काय सांगणार, म्हणून झोपेत कानात छोटा प्रोब घालून ओएई (केसपेशी प्रतिसाद देतात का ते बघणारी टेस्ट) करायचे. एकदा ती फेल आली, आम्ही हादरलो, तर कानाच्या पडद्यामागे सर्दीचं पाणी निघालं. रेडिएशननेही असं पाणी साठतं म्हणतात, काकांचा पडदाही बघून घ्या. आणि केमो संपली म्हणून तपासणी सोडू नका, आमच्या मुलीचं नंतर कमी झालं, स आणि श ऐकू येईनात, आता कानाला ऐकायचं मशीन लावते.

ऑडिओ_धायरी: बरोबर. आणि ताप आला आणि अमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स द्यायची वेळ आली तर कानाचं आठवणीने सांगा, तीही कानाला जड.

कोथरूडची_लेक: खूप आभार. फोन केला, मशीन आहे, मंगळवारी ११ ची वेळ मिळाली. सूंबद्दल डॉक्टरांनाही कळवलं. रिपोर्ट आला की इथेच टाकते ताई, बघाल ना?