मदत हवी आहे : गायक नसलेल्या रॉक बँडच्या कार्यक्रमाची जाहिरात कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही तीन स्वतंत्र बँड मिळून एक कार्यक्रम करतोय. तिघांचंही संगीत निव्वळ वाद्यांचं, गायक कोणाकडेच नाही. सव्वाशे माणसं मावतील अशी जागा ठरली आहे, हातात सहा आठवडे आहेत. ड्रमसेट आणि बेसचा अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) तिघांत एकच वापरणार, त्यामुळे मधली आवराआवरही पटकन होईल. अडलंय ते लोकांपर्यंत पोचण्यापाशी.

गाणं असलं की एक ओळ पुरते, माणूस धृपद गुणगुणत येतो. आमच्या बँडची मुख्य रचना ११ मिनिटांची आहे. सुरुवातीला एकाच गिटारवर डिले (स्वर प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं उपकरण) लावून दोन-तीन स्वर फिरत राहतात, ड्रमर झांजेवर मऊ मॅलेट (टोकाला गोळा असलेली काठी) टेकवत असतो. मागे कोणी खुर्ची सरकवली तरी ऐकू येते इतकं हळू. सातव्या मिनिटाला सगळं एकदम कोसळतं, आणि ते अंगावर येतं ते आधीच्या सहा मिनिटांमुळेच.

मागच्या वेळी आम्ही नेमका त्या कोसळण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा रील म्हणून टाकला. त्यावरून लोक आले. पण पुढे उभे असलेले दोघंतिघं हळू भागात बोलत राहिले आणि शेवटी कंटाळून निघाले. माझा पाय डिस्टॉर्शनच्या (गिटारचा आवाज खरखरीत, जाड करणाऱ्या) पेडलवर होता, कोसळायला अजून आठ बार (तालाची आवर्तनं) बाकी होते आणि समोर दार मिटताना दिसलं. फार लागलं ते मनाला. त्यांना दोष देत नाही, आम्हीच त्यांना अर्धवट गोष्ट दाखवली होती.

शिवाय रील फोनवर घेतलेलं. फोन आवाजाची पातळी स्वतःच सांभाळतो, हळू असेल ते वर ओढतो आणि मोठं असेल ते दाबतो. म्हणजे आमच्या संगीताचा जीवच काढून घेतो. मिक्सरवरून (सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणाऱ्या यंत्रावरून) थेट घेऊन पाहिलं, तर तिथेही घोळ. छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचे अँप मुळातच मोठे वाजतात, म्हणून मिक्सरमधून ते कमीच सोडलेले असतात. रेकॉर्डिंगमध्ये गिटार कुठेतरी लांब गेलेली. आता खोलीत दोन माइक लावून ते मिक्सरच्या ट्रॅकशी जुळवायचा विचार आहे. कोणी केलंय का? माइक स्टेजपासून किती लांब ठेवले होते?

पोस्टरवरूनही आमच्यात वाद आहे. आमच्यासारख्या, रॉकची वाद्यं घेऊन गाण्यापेक्षा ध्वनीवर भर देणाऱ्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात; ते लिहावं का? हा शब्द समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केला, बँडवाल्यांनी नव्हे, आणि नव्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. माझ्या मते 'शब्द नाहीत, गिटार आहेत, शेवट मोठा आहे' असं सरळ लिहावं. 'हळू भागात कृपया बोलू नका' हेही लिहायचंय, पण लोक बिचकतील असं बाकीच्यांना वाटतं. कानात घालायचे बोळे दारातच ठेवणार आहोत, ते मात्र नक्की.

असं संगीत लोकांना नको असतं हे मला पटत नाही. ग्लासगोचा मोग्वाई हा बँड १९९५ मध्ये सुरू झाला, त्यांचं बरंचसं काम शब्दांविना आहे, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिला आला. वेळ लागतो, एवढंच.

तर जाणकारांना विचारायचंय : जाहिरातीसाठी तुम्ही रचनेचा कुठला भाग घ्याल? हळू भागाचा एक मिनिट टाकून पुढचं मुद्दाम राखून ठेवलं तर लोक थांबतील का? की पूर्ण ११ मिनिटं एका कॅमेऱ्यात, न कापता द्यावीत? तिन्ही बँडच्या श्रोत्यांना एकमेकांचं संगीत कसं ऐकवावं, यावरही सुचवा. प्रत्येकाचे चाहते आपापला बँड ऐकून निघून जातात, हे मागे झालंय.

येत्या रविवारच्या तालमीला रेकॉर्डिंग करणार आहोत. त्याआधी कोणी सांगितलं तर तसे माइक लावून पाहतो आणि काय झालं ते इथेच कळवतो.