मेंगजियांगचा मंगोल राजा दे वांग जपानकडे का गेला?

वाचनवेडा: दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना मांचुकुओ (जपानने ईशान्य चीनमध्ये उभं केलेलं बाहुलं राज्य) आणि तिथला सम्राट पूयी सगळीकडे भेटतात, पण शेजारीच मेंगजियांग होतं, म्हणजे आतल्या मंगोलियातलं जपानच्या आधाराचं राज्य, चंगेझखानाच्या घराण्यातला राजा वगैरे, त्यावर मराठीत काहीच मिळत नाहीये. हा माणूस जपान्यांच्या नादी लागलाच कसा? आणि सत्ता खरंच त्याच्या हातात होती का?

गवताळ: नाव देमचुगदोंरोब, चिनी लोक दे वांग म्हणायचे. जन्म १९०२ चा, सहाव्या वर्षीच वडिलांची गादी मिळाली. कारण शोधायचं तर आधी तिथली कुरणं बघा. चिनी शेतकरी आणून वसवले जात होते, चराईची जमीन नांगराखाली जात होती, मग मेंढ्या-घोड्यांवर जगणाऱ्यांनी जायचं कुठं? १९३३ ला बायलिंगम्याओ मठाजवळ मंगोल सरदार जमले, नानजिंगच्या चिनी सरकारकडे स्वायत्तता मागितली, पुढच्या वर्षी कौन्सिल मिळालं पण ना अधिकार ना पैसा. तेव्हा तो जपानकडे वळला. १९३६ ला जपानच्या मदतीने सुइयुआन प्रांतावर चालून गेला तर चिनी सेनापती फू झुओयीच्या फौजेने पार धुतलं आणि बायलिंगम्याओ पण हातचं गेलं. मला तरी त्याची तळमळ खरी वाटते.

कालगान_एक्सप्रेस: सत्ता कसली हो. १ सप्टेंबर १९३९ ला जपानने बसवलेली तीन सरकारं एकत्र करून हे राज्य उभं केलं, राजधानी कालगान, म्हंजे आजचं झांगजियाको. वर्ष मोजायचे चंगेझखानापासून, त्या हिशोबाने ते साल ७३४! पण दोन सरकारं चिनी मुलखातली जोडल्यामुळे राज्य मंगोलांचं आणि प्रजा बहुतेक सगळी हान चिनी. वर जपानी सल्लागार बसलेले, त्यांना हवा होता दातोंगचा कोळसा आणि लोंगयानचं लोखंड. दे वांग टोकियोला जाऊन सम्राटाला भेटून आला, स्वातंत्र्य मागत राहिला, ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

साधा_वाचक: तळमळ असेल हो, पण त्याच राज्यात अफूचं पीक काढून सरकारी तिजोरी भरली जायची, ती ओढून किती घरं बुडाली असतील, त्याचं काय? नुसती सही त्याची होती म्हणून तो सुटत नाही.

वाचनवेडा: भारी माहिती, धन्यवाद! १९४५ नंतर काय झालं त्याचं?

गवताळ: ऑगस्टमध्ये सोव्हिएत आणि मंगोलियाचं सैन्य घुसलं, राज्य संपलं. १९४९ मध्ये आतल्या मंगोलियाच्या पश्चिमेला आलाशानला परत एकदा स्वायत्त सरकारचा प्रयत्न केला, तोही बुडाला, मग मंगोलियात आसरा घ्यायला गेला तर त्यांनीच पकडून १९५० मध्ये चीनच्या हवाली केला. १९६३ ला माफी मिळाली, १९६६ ला आतल्या मंगोलियाची राजधानी होहोतमध्ये वारला.