डबल स्ट्रोलर घ्यायचाय: शेजारी-शेजारी की मागे-पुढे? (कोथरूड)

सावली_कोथरूड
थोरला सव्वादोन वर्षांचा, वजन १२ किलो. धाकटी तीन महिन्यांची, साडेपाच किलो. दोघांना एकटीनं घेऊन बाहेर पडता यावं म्हणून डबल स्ट्रोलर बघतेय. रोजचा रस्ता घर ते थोरल्याचा प्लेग्रुप, साधारण ८०० मीटर. निम्म्या वाटेत पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ आहे, निम्म्यात फुटपाथच नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी मेट्रोनं डेक्कन, रविवारी सारसबाग. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. गाडी वॅगनआर, सीएनजी, म्हणजे डिकीत सिलिंडर. बजेट २० हजारांपर्यंत. दुकानात शेजारी-शेजारी सीटवाले दाखवतात, ऑनलाइन मागे-पुढे सीटवालेही दिसतात. वापरताना नेमका फरक काय पडतो? आणि तीन महिन्यांच्या बाळाला यातलं काय चालतं?

मोजपट्टी
सावलीताई, मॉडेल बघायच्या आधी टेप घेऊन चार मापं घ्या: लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी, लिफ्टची आतली खोली, घरातलं सगळ्यात अरुंद दार आणि सिलिंडरपुढे उरलेली डिकी. निम्मा निर्णय तिथेच होतो.

शेजारी-शेजारी गाडी साधारण ७४ ते ८० सेंमी रुंद असते. मागे-पुढे सीटवाली ६० ते ६५ सेंमीत बसते, पण तिची लांबी ११० सेंमीच्या पुढे जाते. सहा माणसांच्या (४०८ किलोच्या) लिफ्टचं दार बहुतेक ठिकाणी ७० सेंमी आणि आतली खोली १०० सेंमीच्या आसपास. म्हणजे पहिली गाडी दारातच अडते आणि दुसरी आत गेली तरी दार मिटत नाही. आठ माणसांच्या लिफ्टचं दार बरेचदा ८० सेंमी असतं. तिथून ७६ ची गाडी जाते, पण दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमीच उरतात.

रस्त्याचं मापही घ्याच. झाडूच्या दांड्यावर चिकटपट्टीनं ६५ आणि ७६ सेंमीच्या खुणा करा आणि दांडा आडवा धरून प्लेग्रुपपर्यंत एकदा चालत जा. दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी ठोकलेले खांब, झाडांचे कट्टे, विजेचे डीपी, यातून कुठली खूण जाते ते लिहून ठेवा. एका ठिकाणी जरी गाडी अडली तरी रोज तिथे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागेल.

आता बाळाचं. तीन महिन्यांच्या बाळाची मान अजून पक्की नसते. पाठ अर्धवट उभी असेल तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. युरोपच्या ईएन १८८८ मानकानुसार सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सीट आणि पाठ यांतला कोन किमान १५० अंश लागतो. दुकानात हे फोनवर मोजता येतं: फोनमधलं कोनमापक उघडून फोन आधी बसायच्या पट्टीवर ठेवा, मग पाठीवर. दोन्हींचे उतार विरुद्ध दिशांना असतील तर त्यांची बेरीज, एकाच दिशेला असतील तर फरक, ३० अंशांच्या आत हवा. आणखी एक बघा. स्वस्त जुळ्या गाड्यांत पाठ कापडी पट्ट्यानं आणि बकलानं खाली सोडतात. रिकामी असताना ती सपाट दिसते, बाळ ठेवलं की मध्ये झोळ पडतो. मध्यभागी तळहात दाबून बघा. हात खोल जात असेल तर ती सीट धाकटीसाठी बाद.

दोन_चिमण्या
तुम्हाला डबल लागतोच का, हे आधी बघूया. प्लेग्रुपला सोडायला जाताना दोघं आहेत, पण सोडून परत येताना एकटी धाकटीच. आणायला जातानाही तीच एकटी. म्हणजे दिवसातल्या चार फेऱ्यांपैकी दोनच फेऱ्यांना दोन जागा हव्यात. तेवढ्यासाठी १२ ते १५ किलोची गाडी उचलायची?

पूर्ण आडवी होणारी एक चांगली सिंगल घ्या आणि जोडीला कापडी बेबी कॅरिअर. जाताना थोरला सीटवर, धाकटी तुमच्या छातीशी. परत येताना धाकटी गाडीत आडवी. कॅरिअरमध्ये बाळाचा चेहरा तुम्हाला कायम दिसला पाहिजे, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटांची फट हवी, आणि मान खाली घातली की तुमचे ओठ तिच्या टाळूला लागावेत इतकं ती वर हवी. गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाय बेडकासारखे फाकलेले.

मागच्या आसाला लावायचा उभं राहायचा पाटही मिळतो. तो दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी असतो, वजनाची मर्यादा बहुतेकांची २० किलोच्या आसपास. मॉलमध्ये किंवा जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर छान चालतो. पेव्हर ब्लॉकवर मात्र त्याची पिटुकली चाकं प्रत्येक फटीत धडकतात, मूल गुडघ्यात वाकतं आणि तुमच्या नडग्या पाटाला आपटतात. शिवाय सव्वादोन वर्षांचं पोर वाटेत पेंगलं तर पाटावर झोपणार कसं?

सावली_कोथरूड
मापं घेतली. लिफ्टचं दार ७०, आत रुंदी ११०, खोली १००. डिकीत सिलिंडरपुढे जेमतेम ३५ सेंमी. दांडा घेऊन गेले, ७६ ची खूण दोन ठिकाणी अडली, ६५ ची एका ठिकाणी. चार फेऱ्यांचा हिशोब डोक्यातच आला नव्हता! पण सारसबागेला दोघंही दमतात, तेव्हा डबल असावा असं वाटतं. डबल खाली पार्किंगमध्ये ठेवला तर?

बेअरिंग_बॉक्स
पार्किंगमध्ये ठेवता येईल. सायकलची साखळी फ्रेममधून घालून कुलूप लावा, चाकातून नको, कारण चाक एका बटणावर निघून येतं. सीटचं कापड मात्र वर नेलं पाहिजे. पार्किंगमधली मांजरं तिथेच झोपतात आणि पावसाळ्यात फोमला आठवड्यात बुरशी धरते. घेताना सगळं कापड निघतं का ते विचारा, काहींचं रिव्हेटनं ठोकलेलं असतं.

आता चाकांबद्दल, कारण पुण्यात गाडी पहिली तिथेच हरते. हलक्या शेजारी-शेजारी गाड्यांना १५ सेंमीची कडक फोमची चाकं, पुढे तीन आणि मागे तीन जोड्या. मधली जोडी खडबडीत जमिनीवर कधी टेकते, कधी अधांतरी फिरते, त्यामुळे गाडी तोंड फिरवत राहते. पुढचं चाक पावसाळी गटाराच्या जाळीत शिरलं की गाडी जागच्या जागी थांबते आणि ढकलण्याच्या जोरानं मागची चाकं उचलली जातात. जाळी नेहमी तिरकी ओलांडा, सळयांच्या दिशेत कधीच नाही. लिफ्टच्या उंबऱ्याच्या फटीत उलट करायचं: तिरकं न जाता अगदी सरळ, आणि गाडी पाठमोरी ओढत आत घ्यायची, म्हणजे मोठी चाकं आधी येतात.

हवेची चाकं असतील तर उत्तम. मागची १२ इंची बहुतेकदा १२½ × २¼ मापाची असतात, तीच ट्यूब लहान मुलांच्या सायकलला लागते, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळेल. हवा टायरवर छापलेल्या आकड्याइतकीच भरा. पेट्रोल पंपावरच्या होजनं भरू नका, एवढीशी ट्यूब क्षणात फुटते. हातपंप वापरा.

शेजारी-शेजारी घेतलीत तर वजनाचं लक्षात ठेवा. १२ आणि साडेपाच किलो म्हणजे गाडी सतत जड मुलाकडे ओढ घेणार. रस्ताही पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो. फुटपाथ नसताना समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून तुम्ही उजव्या कडेनं चालाल, म्हणजे उतार उजवीकडे. थोरला डाव्या सीटवर बसवा, दोन ओढी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. जाताना-येताना दोन्ही वेळा उजवी कडच धरायची असल्यामुळे जागा बदलावी लागत नाही.

मागे-पुढे गाडीत वेगळाच धोका. हँडलला भाजीची पिशवी आहे आणि पुढचा मुलगा आपणहून उतरला, की गाडी मागे कलंडते, मागचं बाळ आत असताना. म्हणून क्रम ठरवूनच टाका. बसवताना आधी ब्रेक, मग पुढचा, मग मागचा, पिशवी शेवटी आणि तीही खालच्या टोपलीत. उतरवताना पिशवी आधी काढायची, मग मागचं बाळ, पुढचा शेवटी.

मोजपट्टी
सहमत. पण सारसबागेसाठी डबल हवा असेल तर डिकीचे ३५ सेंमी आडवे येतात. शेजारी-शेजारी गाडी घडी केल्यावरही बहुतेकदा तेवढीच रुंद राहते आणि जाडी ३० ते ४० सेंमी भरते. घडी घालून डिकीत ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला पायऱ्या चढाव्याच लागतात, तिथे खाली थांबणारं कुणीतरी बरोबर असतंच. मग दुसऱ्या मोठ्या माणसाकडे कॅरिअर देऊनही काम भागतं. मेट्रोसाठी सिंगलच सोयीची: लिफ्टनं वर जा, व्हीलचेअरसाठीचं रुंद गेट वापरा. सरकत्या जिन्यावर कुठलीच गाडी नेऊ नका, घडी करून मूल कडेवर घेतलं तरी हात मोकळा राहत नाही.

दोन_चिमण्या
ऊन लागतं म्हणून हुडवर ओढणी टाकायची सवय सगळीकडे दिसते, ती टाळा. आत हवा कोंडते आणि काही मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वर जातं, बाळ दिसतही नाही. हुड मोठं घ्या आणि डासांसाठी जाळी.

सावली_कोथरूड
ठरलं, सिंगल आणि कॅरिअर. शनिवारी दुकानात जातेय. तिथे हातात घेऊन काय काय तपासू?

बेअरिंग_बॉक्स
घरून पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या न्या आणि सीटवर ठेवून ढकला. रिकामी गाडी कुठलीही लोण्यासारखीच चालते. एका हातानं वळवून बघा. दुकानाच्या रॅम्पवर ब्रेक लावून हात सोडा, पाय तयार ठेवून. ब्रेक एका पायानं दोन्ही चाकांना लागला पाहिजे. दोन चाकांना दोन वेगळे खटके असतील तर घाईत एक राहून जातो.

घडी उघडल्यावर दोन लॉक लागतात का ते बघा: एक आपोआप, एक हातानं किंवा पायानं. एकच असेल तर खड्ड्यात गाडी मिटू शकते. बिजागऱ्यांवर प्लास्टिकचं आच्छादन हवं. २००९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांना उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटल्यामुळे नंतर आच्छादनं पुरवावी लागली. उघडता-मिटताना थोरला हाताच्या अंतरावर नको.

पट्टा पाच टोकांचाच घ्या (दोन खांद्यांवरून, दोन कमरेशी, एक पायांमधून). खांद्याचा पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून निघावा, आणि पट्टा व छाती यांत तुमची दोन बोटं सपाट जावीत, तिसरं नको. वजनमर्यादा लेबलवर वाचा. १५ किलोची असेल तर थोरल्याला फार दिवस पुरणार नाही, २२ ची मिळाली तर तीच. घरी आणल्यावर चाकं कुरकुरली तर खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून लुकण होतं. चाक काढा, आसावरचे केस-दोरे कात्रीनं कापून काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा.