मदत हवी आहे: मोठ्या माणसाची टीईई लहान मुलांच्या बारीक प्रोबने करतात का?

सांगलीकर_७
मंडळी जरा लवकर सांगा, पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. आईच्या हृदयाची टीईई तपासणी करायची आहे, मागच्या वेळी अर्ध्यात सोडावी लागली, नळी खाली उतरेचना, आई नुसती ओकाऱ्या देत होती, शेवटी डॉक्टरच म्हणाले राहू दे. आता म्हणतात पूर्ण भूल देऊन करू. मला भूल नकोय. नेटवर वाचलं की लहान बाळांसाठी एकदम बारीक प्रोब, म्हणजे तीच आत घालायची नळी, येतो आणि तो मोठ्यांनाही चालतो, नाकातूनपण घालतात म्हणे. इथे विचारलं तर "आमच्याकडे नाही" एवढंच. पुण्या-मुंबईत कुठे होईल? आणि त्यात नीट दिसतं का?

पावसाळी_ढग
टीईई म्हणजे टूडी इकोच ना? माझ्या सासऱ्यांची दरवर्षी होते, छातीला जेल लावतात, काही दुखत नाही. तीच करून घ्या की.

इकोवाली
@पावसाळी_ढग नाही हो, ही वेगळी. हिच्यात प्रोब अन्ननलिकेत जातो, हृदय तिच्या अगदी पुढ्यात असतं त्यामुळे मधे बरगड्या नाहीत, फुप्फुस नाही, चित्र स्वच्छ येतं.
@सांगलीकर वय काय, वजन काय, टीईई कशासाठी सांगितलीय? व्हॉल्व्ह, गाठ, भोक? त्याशिवाय प्रोबबद्दल बोलून उपयोग नाही, कारण काय बघायचंय त्यावरच ठरतं.

सांगलीकर_७
भोक आहे, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. एएसडी म्हणतात. ते बुजवायला छत्री बसवायचीय. वय ५६. बाकी तसं सगळं नॉर्मल. प्रोबचं सांगा ना ताई.

इकोवाली
सांगते. मोठ्यांच्या नेहमीच्या प्रोबचं टोक दीड सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतं. बाळांचा जो मायक्रो प्रोब आहे त्याचं टोक साधारण साडेसात मिलिमीटर आणि दांडा पाचच्या जरासा वर, अडीच किलोच्या बाळाला घालता यावा म्हणून बनवलेला. मोठ्यांना वापरतात, हे खरं आहे, नाकातूनही केलेलं आहे, आणि घसा-नाक बधिर करायच्या साध्या स्प्रेवर बरेच पेशंट सहन करतात. पण टोकात ध्वनिलहरी सोडणारे क्रिस्टल कमी बसतात, तोंड लहान, त्यामुळे बारकावा कमी. फ्रिक्वेन्सीही वरची, म्हणजे जवळचं छान, लांबचं फिकट. तुमच्या आईंना पडदाच बघायचाय आणि तो जवळ असतो, तेव्हा अगदी वाया जाणार नाही. मात्र या मायक्रोत थ्रीडी नाही. मुलांसाठी थ्रीडीचे मिनी प्रोब आता आलेत, पण ते जाडीला याच्याहून जास्त. छत्रीसाठी भोकाच्या कडा चारी बाजूंनी मोजायच्या असतात, पाच मिलिमीटरची कड तरी हवी असं धरतात, तिथे मला मोठा प्रोबच बरा वाटतो.

बापू_इस्लामपूर
आमच्या मेव्हण्याचं भोक छाती उघडून शिवलं, आज तो ऊस तोडतोय. ते छत्रीचं फॅड नको. आणि अर्जुनसाल दुधात उकळून चालू करा, हृदयाचा स्नायू धरतो.

भूलतज्ज्ञ_नाशिक
बापू, अर्जुनसालीने भोक बुजत नाही, आणि शस्त्रक्रियेत भूल काही कमी लागत नाही. ज्यांना भूल नको त्यांना तुम्ही सगळ्यात मोठी भूल सुचवताय.
सांगलीकर, भुलीची भीती नक्की कशाची? नुसतं मनात आहे की कुणी काही सांगितलं? आई झोपेत घोरतात का, मधेच श्वास थांबतो का? फुप्फुसाचा दाब किती लिहिलाय इकोवर? "बाकी नॉर्मल" असं लिहू नका, रिपोर्टमधले आकडे लिहा.

न्यूजर्सीकर
अरे इतका त्रास कशाला, आता खिशातला प्रोब मिळतो, मोबाईलला लावायचा की झालं. बटरफ्लाय म्हणून आहे, चिपवरच सगळं, एकाच प्रोबमध्ये पोट-हृदय-नसा. इकडे इमर्जन्सीत डॉक्टर सर्रास वापरतात. कुणी येणारं असेल तर मी पाठवून देऊ शकतो, घरीच रोज बघता येईल.

इकोवाली
दादा तो छातीवरून लावायचा. वरूनचं चित्र आईंचं आधीच झालंय, त्यात भोक दिसलं म्हणूनच तर टीईई. खिशातला प्रोब आणि गिळायचा बारीक प्रोब यांचा एकमेकांशी संबंध नाही.

वकील_साताऱ्याचे
आणि कृपा करून पाठवू नका. आपल्याकडे १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आहे, सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदलेलं लागतं, नोंदणी नसलेल्याला विकणंही गुन्हा. छोटं आहे, हृदयासाठी आहे, ही सबब चालत नाही.

न्यूजर्सीकर
म्हणजे कायद्यापायी खेड्यातल्या डॉक्टरने चांगलं साधन वापरायचंच नाही?

वकील_साताऱ्याचे
नोंदणी करून वापरावं की, कोण अडवतंय. मुलींचं प्रमाण कुठे गेलं होतं ते आठवा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सांगलीकर_७
प्लीज माझ्या धाग्यावर भांडू नका. रिपोर्ट बघून लिहितोय: सेकंडम एएसडी (पडद्याच्या मधल्या भागातलं भोक) २२ मिमी, उजवी बाजू मोठी, फुप्फुसाचा दाब ४५. वजन ८४. घोरते, खूप. मधेच दचकून उठते. भुलीचं म्हणून घाबरतोय कारण मागे अन्ननलिका रुंद करायला दुर्बीण घातली होती तेव्हा झोपेचं इंजेक्शन दिल्यावर ऑक्सिजन एकदम खाली गेला होता.

भूलतज्ज्ञ_नाशिक
थांबा. अन्ननलिका रुंद करायला? म्हणजे आकुंचन होतं? आता घास अडकतो का? हे टीईई करणाऱ्या डॉक्टरांना माहीत आहे का?

सांगलीकर_७
भाकरी अडकते कधी कधी, पाण्याबरोबर जाते. त्यांनी विचारलं नाही. ती दुर्बीण पोटाच्या डॉक्टरांकडे झाली होती.

भूलतज्ज्ञ_नाशिक
मग नळी उतरली नाही ती नुसत्या ओकारीमुळे असंही नसेल. अन्ननलिका आकुंचलेली असताना टीईई साधारणपणे करतच नाहीत, आत फाटण्याचा धोका असतो, आणि भुलीत पेशंट दुखतंय म्हणूनही सांगू शकत नाही. बारीक प्रोबने धोका कमी होतो, जात नाही. आधी पोटाच्या डॉक्टरांना भेटा, दुर्बीण किंवा बेरियम पाजून एक्स-रे करून रस्ता मोकळा आहे का ते लिहून घ्या. जुनी फाईल कार्डिओलॉजिस्टपुढे ठेवा. आजच फोन करा.

कॅथलॅब_रात्रपाळी
मी कॅथलॅबला टेक्निशियन आहे. मला कळत नाही सगळे घशातच का अडकलेत, आईस (आयसीई) म्हणून प्रकार आहे, हृदयाच्या आतूनच करायचा इको. प्रोब कॅथेटरच्या, म्हणजे शिरेतून सरकवायच्या बारीक नळीच्या टोकावर, ८ किंवा १० फ्रेंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, मांडीच्या शिरेतून सरळ उजव्या कप्प्यात. पडदा एवढा जवळून टीईईतही दिसत नाही. जागा बधिर केली की पुरे, आणि छत्रीपण त्याच वाटेने जाते.

इकोवाली
खर्च सांगा की. कॅथेटर एकदाच वापरायचं असतं, योजनेच्या पॅकेजात ते कोण बसवणार? आणि आईस छत्री बसवताना ठीक, पण छत्री बसेल की नाही हे आधी कळायला नको? फुप्फुसाच्या शिरा नीट डाव्या कप्प्यात उघडतात का ते कोण बघणार?

कॅथलॅब_रात्रपाळी
ताई ते हृदयाच्या सीटीत दिसतं. शिरा दिसतात, कडा मोजता येतात, घशात काही घालायचं नाही. किडनीचं क्रिएटिनिन चांगलं हवं फक्त, डाय द्यावा लागतो.

इकोवाली
सीटीचं मान्य आहे. शिरांसाठी तर टीईईपेक्षा बरंच.

पावसाळी_ढग
सासऱ्यांनाही घास अडकतो, त्यांना पण दुर्बीण लागेल का?

भूलतज्ज्ञ_नाशिक
वारंवार अडकत असेल तर हो, दाखवा. थांबू नका.

सांगलीकर_७
फोन केला. अन्ननलिकेचं ऐकल्यावर डॉक्टरांनी टीईईची तारीख लगेच रद्द केली, म्हणाले फाईल घेऊन या. उद्या पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. सीटीबद्दल विचारलं तर तेही चालेल म्हणाले, आईस त्यांच्याकडे नाही, पुण्याला विचारून सांगतो म्हणाले. क्रिएटिनिन १.१ आहे, चालतं का? आणि घोरण्याचं कोणाला दाखवायचं, कान-नाक-घसावाले की छातीचे?

भूलतज्ज्ञ_नाशिक
त्या वयाला १.१ ला सहसा अडवत नाहीत, पण ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) काढून सीटीवाल्यांना दाखवा, मधुमेह असेल तर गोळ्यांची नावंही सांगा. घोरण्याला छातीचे डॉक्टर, झोपेची तपासणी मागा. छत्री बसवताना कुठलीही गुंगी द्यायची झाली तरी तो रिपोर्ट हाताशी हवा.