मदत हवी आहे : २०१९चा लॅपटॉप अपात्र आणि २०१८चा ‘जवळजवळ पात्र’, विंडोज ११ कोणत्यावर टाकावे?

नमस्कार. आमच्या घरी दोन लॅपटॉप आहेत आणि दोन्हींवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला, तेव्हापासून ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घरात चर्चेला आहे. आजवर वाचलेल्या सल्ल्यांचा सूर बहुधा ‘जुना असेल तर नवा घ्या’ असाच होता. आमच्या बाबतीत जुना कोणता आणि नवा कोणता हेच उलटेपालटे झाले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला लॅपटॉप माझा आहे. तो जून २०१९मध्ये नवा कोरा घेतला. प्रोसेसर इंटेल कोअर आय३-७०२०यू, रॅम ४ जीबी आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे प्रश्नपत्रिका टाइप करणे, पीडीएफ दाखवणे आणि अधूनमधून ऑनलाइन तास घेणे एवढेच त्यावर चालते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवले असता बाकी सर्व ओळींपुढे हिरवी खूण आली, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयसुद्धा सापडली, मात्र प्रोसेसर सध्या विंडोज ११साठी मान्य नाही असा शेरा मिळाला.

दुसरा लॅपटॉप यजमानांचा. तो २०१८च्या सुरुवातीचा, म्हणजे माझ्या लॅपटॉपपेक्षा जवळपास दीड वर्षाने जुना आहे. प्रोसेसर आय५-८२५०यू, रॅम ८ जीबी. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात त्याला एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि विंडोजही तिथेच नव्याने टाकून घेतले. यजमान चार-पाच दुकानांचे हिशेब टॅलीमध्ये ठेवतात आणि जीएसटीच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन त्याच लॅपटॉपला लावतात, त्यामुळे त्यावर प्रयोग करण्याची आमची छाती होत नाही. हेल्थ चेकने इथे प्रोसेसर मान्य केला, पण संगणकाला सिक्युअर बूट (खात्रीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालले पाहिजे असे सांगून नकार दिला. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून पाहिले, तर ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ (संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत) आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’पुढे ‘अनसपोर्टेड’ असे लिहिलेले आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. उशिरा घेतलेला लॅपटॉप नापास आणि आधी घेतलेला पास, हे कसे? माझ्या लॅपटॉपवर आडमार्गाने विंडोज ११ टाकता येते असे ऐकले आहे, ते टाकावे का? आणि यजमानांच्या लॅपटॉपवरील ‘लेगसी’चे ‘यूईएफआय’ (सुरू करण्याची नवी पद्धत) करताना सी ड्राइव्ह पुसावा लागेल का? टॅलीचा डेटा वेगळ्या डिस्कवर घेतलेला आहे, पण सर्व प्रोग्राम पुन्हा बसवण्याची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, खरेदीची पावती बाजूला ठेवा आणि प्रोसेसरच्या नावातील आडव्या रेघेनंतरचा पहिला अंक पाहा. ७०२०यू म्हणजे सातवी पिढी आणि ८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीतील मोजकेच अपवाद त्या यादीत आहेत आणि तुमचा त्यांत नाही. ७०२०यू बाजारात आला २०१८मध्ये, पण त्याची रचना सातव्या पिढीचीच होती, आणि स्वस्त लॅपटॉपांमध्ये तो पुढेही बराच काळ विकला गेला. त्यामुळे २०१९मध्ये नवी वस्तू घेऊनही तुमच्या पदरी जुनी पिढी पडली. तुम्हाला वाईट वाटले असेल तर ते रास्तच आहे. मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण वेग फारसा न गमावता चालावे यासाठी प्रोसेसरमध्ये जी सोय लागते, ती इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे. तरीही यादीची रेघ आठव्या पिढीपाशी ओढली गेली.

आडमार्ग आहे. रजिस्ट्रीत एक नोंद करून प्रोसेसरची अट ओलांडता येते, किंवा रूफस हा मोफत प्रोग्राम वापरून तशी पेन ड्राइव्ह बनवता येते. २४एच२ या आवृत्तीपासून पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही, त्यामुळे कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रे कायमची बाद झाली. तुमच्या प्रोसेसरमध्ये मात्र या आज्ञा आहेत, म्हणजे ते सुरू होईल. परंतु अशा यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात दरमहाचे सुरक्षा अपडेट येत राहिल्याचा अनुभव आहे, पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपल्या हाताने चढवावी लागते.

माझे मत विचाराल तर तुमच्या लॅपटॉपची खरी अडचण प्रोसेसर नाहीच. ४ जीबी रॅम कागदावरील किमान अटीत बसते, पण फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी अशा जोडीवर विंडोज ११ टाकले, तर तास सुरू करून मुले वाट पाहत बसतील आणि पडद्यावर गोल फिरत राहील. आधी अडीच इंची साटा एसएसडी बसवा, जमल्यास रॅम ८ जीबी करा, आणि मगच कोणती प्रणाली ठेवायची ते ठरवा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. पिढीचा अंक पाहायचा असतो हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. दुकानात ‘आय३ आहे, चांगला आहे’ एवढ्यावरच सौदा झाला होता. ‘लेगसी’बद्दल मात्र अजून धाकधूक आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. ‘लेगसी’बद्दल मी लिहितो, कारण कार्यालयातील अनेक यंत्रांवर हे काम केले आहे. तुमच्या दुकानदाराने एसएसडीवर जुन्या एमबीआर पद्धतीच्या मांडणीने विंडोज टाकलेले दिसते. लॅपटॉप यूईएफआय जाणतो, फक्त त्याला तसे चालवलेले नाही. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा आहे. ती सी ड्राइव्ह न पुसता डिस्कची मांडणी एमबीआरवरून नव्या जीपीटीवर नेते आणि टॅलीसह सर्व प्रोग्राम जागच्या जागी राहतात. तरीही संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय हात लावू नका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर तो आधी तात्पुरता थांबवा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

प्रथम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून केवळ ‘व्हॅलिडेट’ चालवा. त्याने काही बदलत नाही, डिस्क या बदलाला योग्य आहे की नाही एवढेच कळते. यश आले तरच ‘कन्व्हर्ट’ करा. चालू विंडोजमधूनच हे करताना दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. बदल झाल्यावर लगेच बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बूट मोड यूईएफआय करा, अन्यथा विंडोज उघडणार नाही आणि सगळे गेले असे वाटून घाबरगुंडी उडेल. टीपीएम २.० लेगसी मोडमध्ये नीट चालत नाही, म्हणून त्याची तपासणी यानंतरच करा. बायोसमध्ये ते इंटेल पीटीटी या नावाने असेल.

आपल्याकडे हमखास येणारा एक अडथळा सांगून ठेवतो. या आज्ञेला डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत, आणि दुकानात विंडोज टाकून घेतले की सी, डी, ई असे तीन कप्पे करून देण्याची प्रथाच आहे. त्यांत सिस्टिम रिझर्व्हड हा लपलेला कप्पा मिळवला की चार होतात.

धागाकर्ती

अगदी तसेच झाले! ‘व्हॅलिडेट’ नापास झाले, आणि डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर डाव्या टोकाला ५०० एमबीचा सिस्टिम रिझर्व्हड आणि त्यापुढे सी, डी, ई असे चार कप्पे निळ्या पट्टीखाली ओळीने उभे दिसले. ई मध्ये २०१६पासूनचे लग्नमुंजींचे फोटो होते. ते बाहेरच्या डिस्कवर हलवले, आणि नुसत्या आकड्यावर विसंबून न राहता यजमानांनी पाच-सहा फोटो तिथूनच उघडून पाहिले. त्यानंतर ई काढून टाकला. पुन्हा ‘व्हॅलिडेट’ केले, ते यशस्वी झाले. ‘कन्व्हर्ट’ला चहा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. बायोसमध्ये मोड बदलून सिक्युअर बूट सुरू केले आणि विंडोज नेहमीसारखे उघडले. हेल्थ चेकच्या सर्व ओळी आता हिरव्या आहेत. चालू महिन्याचे जीएसटी विवरणपत्र भरून झाले की विंडोज ११ चढवू. जुन्या विंडोजवर परतण्यासाठी १० दिवसांची मुदत असते असे वाचले, म्हणून टॅली आणि टोकन त्या दहा दिवसांतच तपासून घेण्याचे ठरवले आहे.

माझ्या लॅपटॉपला एसएसडी बसवून घेत आहे. विंडोज ११ सक्तीने टाकण्याचा विचार मात्र सोडला. विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवले. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केल्यामुळे ३० डॉलर भरावे लागले नाहीत, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय झाली.

त्यानंतरसाठी भाचा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली सुचवत आहे. पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, ते चालवून पाहिले. वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा लगेच चालले. कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणी जोडल्यावर मराठी टायपिंगही जमले. अडचण आहे ती जुन्या प्रश्नपत्रिकांची. साताठ वर्षांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फाँट मिंटमध्ये टाकल्यावर लिब्रेऑफिसमध्ये अक्षरे दिसली, परंतु ‘क्ष’ आणि रफार असलेल्या शब्दांत दुरुस्ती करायला गेले की टायपिंगचे जुने साधन तिथे नसल्यामुळे भलतीच चिन्हे उमटतात. ज्यांनी असा जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला आहे, त्यांनी गणिताची सूत्रे आणि तक्ते असलेल्या फायली कशा हाताळल्या, हे कृपया सांगावे.