'नियंत्रण करतं' म्हणजे कमी करतं?

भाषांतरवाली: पारंपरिक चिनी वैद्यकात ऑटोफॅजीवरच्या (पेशी स्वतःचेच निकामी भाग मोडून परत वापरते, त्यावरच्या) संशोधनाचा कल कुठे आहे, असा लेख मराठीत करतेय. 'हुआंगलियनमधलं बर्बेरीन ऑटोफॅजीचं नियंत्रण करतं' (हुआंगलियन ही चिनी औषधी वनस्पती, बर्बेरीन तिच्यातलं द्रव्य) असं लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, "म्हणजे कमी करतं ना?" तसं नाहीये. प्रयोगांत तेच बर्बेरीन कर्करोगाच्या काही पेशींत ती वाढवतं, आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला की अति झालेली आवरतं. 'नियमन' चालेल?

गोटीराम: चालेल. आपल्याकडे 'साखर नियंत्रणात' म्हणजे खालीच आलेली. पण ऑटोफॅजी कशाला? सरळ 'स्वभक्षण' लिहा की.

जुना_मुद्रितशोधक: लिहा, पण प्रूफ डोळ्यांत तेल घालून बघा. आमच्या अंकात त्याचं 'खभक्षण' झालं होतं. खग्रास ग्रहणाचा लेख समजून एकांनी वेधाचे नियम विचारले!

पेशीवाला: भक्षण नकोच. पेशी आपले निकामी भाग दुहेरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळून लायसोझोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीकडे, धाडते, तिथे त्यांचे तुकडे होऊन माल परत वापरात येतो. 'आत्मशोधन' म्हणा.

गोटीराम: पेशी आहे हो ती, साधक नव्हे. १९६३ मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ द दुव्ह यांनी हा शब्द घडवताना ग्रीकमधून 'स्वतः' आणि 'खाणे' हेच जोडलं. चिनी शब्दही त्याच दोन अर्थांचा. आपणच तेवढे सोवळे?

मंजिरी: आजी म्हणायचीच, लंघनं परमौषधम्! ऑटोफॅजीवाल्या जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना २०१६ चं नोबेल उपवासावरच मिळालं ना?

पेशीवाला: ताई, उपाशी ठेवलं होतं यीस्टला, आजीला नाही. आणि असल्या लेखांतला 'कल' म्हणजे कुठला विषय किती निबंधांत आला याची मोजदाद. औषध लागू पडल्याचा पुरावा नव्हे. पेशीत एलसी-३ या प्रथिनाचं त्या पिशवीच्या पडद्याला चिकटणारं रूप वाढलं की बरेच जण 'ऑटोफॅजी वाढली' लिहून मोकळे होतात. पिशव्या जास्त बनल्या तरी ते वाढतं आणि त्या रित्या होईनात तरी वाढतं. घंटागाडी आली नाही की कचरा साठतो, तसं. शेवटचा टप्पा औषधाने अडवून ताडून बघावं लागतं.

भाषांतरवाली: मग 'नियमन' पक्कं करू?

जुना_मुद्रितशोधक: आधी 'कल' काढा, तो निवडणुकीतला. 'रोख' घाला. आणि 'चिनी' ऱ्हस्वच ठेवा, 'चीनी' नको.

गोटीराम: 'संशोधनाचा रोख'? लोक विचारतील, उधारीवर मिळत नाही का!