मदत हवी आहे: झाडछाटणीसाठी दोर, हार्नेस आणि बाकीचं सामान. फिरता दोर घ्यावा की स्थिर?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची चार जणांची टीम झाडांच्या फांद्या छाटायचं काम करते. सोसायट्या, बंगले, एक-दोन शाळा. मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत फोन थांबत नाही. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, आंबा, मधूनच एखादी निलगिरी. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही कोयता लावत नाही, त्यामुळे ती बाजू या धाग्यात नको. प्रश्न फक्त चढायच्या सामानाचा आहे.

वर चढणारे दोघे. एक मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) आणि दुसरा त्यांचा सख्खा भाचा. मामा अनवाणी चढतात, कमरेला नायलॉनच्या दोराचे दोन वेढे असतात, बसायला जागा मिळाली की टोक फांदीला बांधतात. त्यांची झाडाची पारख मोठी आहे. फांदीवर भार टाकण्याआधी कोयत्याची पाठ लाकडावर ठोकतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज बद्द आला की त्या फांदीच्या वाटेला जात नाहीत. पण कमरेचा तो दोर असा आहे की घसरले तर सगळा झटका बरगड्यांवर आणि मणक्यावर बसेल. लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नाही. भाचा तीच पद्धत शिकतोय, आणि ते मला बघवत नाही.

या हंगामाआधी दोघांना नीट सामान घेऊन द्यायचं ठरवलं आहे. दोघांचं मिळून दीड लाखापर्यंत जमवता येईल. मी ट्रेकिंग क्लबमधला. रॅपलिंग (दोरावरून उतरणं), जुमारिंग (दोराला पकडणाऱ्या जुमारने वर चढणं) येतं. क्लबचा १०.५ मिमीचा डायनॅमिक दोर आणि कड्यावर चढायचे हार्नेस मिळू शकतात. पण डायनॅमिक दोर पडणाऱ्याला झेलताना ताणला जावा म्हणून बनवलेला असतो. त्यावर दिवसभर वर-खाली करायचं म्हणजे प्रत्येक हालचालीला झोके, म्हणून तो विचार सोडला आहे.

दोन पद्धतींबद्दल जे समजलं ते असं. फिरत्या दोराच्या पद्धतीत दोर वरच्या फांदीवरून घालून दोन्ही बाजू खाली घ्यायच्या. एक टोक हार्नेसला, दुसऱ्या बाजूवर प्रुसिकच्या जातीची घर्षणाची गाठ (भार आला की दोराला आवळून धरते, सैल केली की सरकते), तीही हार्नेसला. वजन दोन्ही बाजूंत वाटलं जातं म्हणून ओढायला हलकं पडतं, मात्र एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. शिवाय दोर फांदीवरून सतत सरकतो, म्हणून साल आणि दोर दोन्ही वाचवायला तिथे कड्यांचा पट्टा, म्हणजे फ्रिक्शन सेव्हर, लागतो.

स्थिर दोरात दोर एका जागी पक्का आणि माणूस त्यावरून चढतो. पायाला एक असेंडर (जुमारसारखी, फक्त वर सरकणारी पकड), गुडघ्याला एक, जिना चढल्यासारखं चालत वर. उंच झाडावर हे फार कमी दमवतं. पण एकाच दोरावर पूर्ण वजन आलं की नुसती गाठ आवळून बसते, सोडवता सुटत नाही. म्हणून गाठीवरचा थोडा भार घ्यायला तिच्या वर रोप रेंच लावतात, किंवा रोप रनर, अकिम्बो, झिगझॅगबरोबर शिकेन अशी साधनं घेतात. इथेच बजेट डळमळतं.

माझा कल स्थिर दोराकडे आहे, कारण जुमारची मला सवय आहे आणि आमचे पर्जन्यवृक्ष उंच आहेत. जाणकारांनी सांगावं: सुरुवात कशाने करावी? ११ मिमीचा स्टॅटिक (कमी ताणला जाणारा) दोर गिर्यारोहणाच्या दुकानात सहज मिळतो, तो चालेल का, की झाडांसाठीचाच दोर बाहेरून मागवावा? आणि बांधकामाच्या साइटवर वापरतात तो फुल बॉडी हार्नेस घेतला तर भागेल का? तो हार्डवेअरच्या दुकानात टांगलेलाच असतो, म्हणून विचारतो.

प्रतिसाद: पारंबी

दादा, मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये झाडांवरच पोट आहे. तुमच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. भाच्याला वर चक्कर आली तर त्याला खाली कोण आणणार? मामाच ना? मग मामांना जे सामान डोळे झाकून हाताळता येतं, तेच भाच्याच्या अंगावर हवं. जुमारची सवय तुम्हाला आहे, पण चढणार तुम्ही नाही. माझं मत स्पष्ट आहे: दोघांनाही एकसारखे, फिरत्या दोराचे दोन संच घ्या. भाग कमी, शिकायला सोपं, आणि मामांना गाठींची भाषा आधीपासून येते.

गाठीबद्दल. ब्लेक्स हिच दोराच्या स्वतःच्याच शेपटाने बांधता येते, वेगळा खर्च नाही, शिकवायला उत्तम. पण भरभर उतरलात की तोच भाग तापून चकाकायला लागतो, आणि चकाकी म्हणजे वितळायची सुरुवात. रोजच्या कामासाठी दोन्ही टोकांना डोळा असलेली वेगळी दोरी घ्या, ८ ते १० मिमी, आणि तिची डिस्टेल किंवा व्हीटी नावाची घर्षणाची गाठ बांधा. खाली छोटी कप्पी लावली की सैल दोर एका हाताने ओढला जातो, दुसरा हात फांदीवर राहतो. या दोरीचं आवरण अरामिडचं (केव्हलरच्या जातीच्या धाग्याचं) हवं, कारण अरामिड वितळत नाही. नायलॉन-पॉलिएस्टर सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात, आणि डायनीमा हा धागा तर दीडशेच्या आसपासच. "डायनीमा पोलादापेक्षा मजबूत" असं म्हणून कोणी ती गळ्यात मारली तरी घर्षणाच्या गाठीसाठी ती घेऊ नका.

मुख्य दोर झाडांसाठीचाच घ्या, ११.५ ते १३ मिमी. दुकानातल्या ११ मिमी स्टॅटिकवर ईएन १८९१ ए (ईएन म्हणजे युरोपीय मानक) असं छापलेलं असेल तर ताकदीची अडचण नाही, २२ किलोन्यूटन तो सहज धरतो. अडचण हाताची आहे. त्याचं आवरण गुळगुळीत आणि घट्ट असतं. नवीन असताना त्यावर गाठ एक तर घसरते नाही तर अडकते, आणि बारीक दोर दिवसभर ओढून बोटं दुखून येतात. झाडांचा दोर सोळा किंवा चोवीस पेडांच्या आवरणाचा असतो, त्यावर गाठ बसतेही नीट आणि सुटतेही नीट. अमेरिकन झेड १३३ मानकात नवीन दोराला किमान ५,४०० पौंड, म्हणजे साधारण २४ किलोन्यूटन, ताकद मागितली आहे; लेबलवर ते बघा. लांबी ४५ मीटर घ्या. दोर दुहेरी जातो, म्हणजे वीस-एकवीस मीटरच्या अँकरपर्यंत (वर दोर अडकवायच्या जागेपर्यंत) पुरतो.

प्रतिसाद: लोखंडीजिना

मुंबईत कारखान्यांच्या चिमण्या आणि टाक्यांवर दोराने काम करतो. झाडांचं मला फार कळत नाही, पण हार्नेसबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, पाठीवर कडी असलेला हार्नेस हा पडलेल्या माणसाला झेलण्यासाठी आहे. त्यात बसून काम करता येत नाही. त्याच्याबरोबरचा शॉक अॅब्सॉर्बर उघडायलाच खाली पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. झाडात तेवढ्यात माणूस तीन फांद्यांवर आपटेल. आणि पाठीच्या कडीवर निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठून काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

तुम्हाला ईएन ८१३ आणि ईएन ३५८ ही दोन्ही मानकं लिहिलेला, बसायचा हार्नेस हवा. मांड्यांना रुंद पट्टे, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या, आणि पुढे दोराचा ब्रिज, म्हणजे ज्यावर मुख्य कडी डावी-उजवीकडे सरकते. हा ब्रिज बदलता येणारा असावा, कारण सर्वांत आधी झिजतो तोच. बजेटमधला सर्वांत मोठा वाटा इथे जाऊ द्या. मामांना आणि भाच्याला घालून, लटकवून, पाव तास बसवून मग घ्या. मापात बसत नसलेला महागडा हार्नेस मामा दुसऱ्याच दिवशी काढून ठेवतील.

हेल्मेटही तसंच. पिवळं बांधकामाचं हेल्मेट मान खाली घातली की पडतं. ईएन १२४९२ चं, हनुवटीचा पट्टा सहजासहजी न सुटणारं घ्या.

प्रतिसाद: माडाखाली

आम्ही सिंधुदुर्गातले, आमच्याकडे पाडेली (नारळ पाडणारा) माडावर चढतो त्याला वर दोर टाकायला फांदीच नसते, त्यामुळे तुमची पद्धत इकडे जशीच्या तशी चालायची नाही. पण एक कळकळीची विनंती. पुण्यात काही जण बुटांना लोखंडी खिळे लावून जिवंत झाडावर चढताना पाहिले आहेत. छाटणीसाठी ते अजिबात घेऊ नका. झाड तोडायचंच असेल तर गोष्ट वेगळी. माडाच्या बुंध्याला पडलेलं भोक कधीच भरून येत नाही, त्यात जखम भरून काढणारा वाढीचा थरच नसतो, आणि जखमेच्या वासाला सोंड्या भुंगा येतो. आंब्याची जखम भरते, पण तोवर बुरशी आत गेलेली असते.

आणि दुर्बीण घ्या, साधी चालेल. दोर टाकण्याआधी आग्या मोहोळ बघायचं. अर्ध्यावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पारंबीदादांच्या पहिल्याच प्रश्नाने माझा कल बदलला. दोन्ही संच फिरत्या दोराचेच घेतो. हार्नेस मामांना घालून बघितल्याशिवाय घेणार नाही.

अजून दोन शंका. उंच पर्जन्यवृक्षासाठी पुढच्या वर्षी एखादा स्थिर दोर घेतला तर तो बुंध्यालाच बांधला तर चालतो ना? व्हिडिओंमध्ये बरेच जण तसं करतात. आणि फांदी कापताना कमरेला दुसरी दोरी हवी असं सगळे म्हणतात, ती स्टीलची तार असलेली घ्यावी का?

प्रतिसाद: पारंबी

बुंध्याला बांधलेला दोर वरच्या फांदीवरून वळून खाली येतो, म्हणजे ती फांदी कप्पीचं काम करते. ८० किलोचा माणूस लटकला की बुंध्याकडची बाजूही तितक्याच जोराने खाली ओढते. फांदीवर १६० किलोच्या जवळपास भार येतो, घर्षणामुळे थोडा कमी. दोर वर फांदीलाच आवळून बांधला तर फक्त माणसाचं वजन येतं. गुलमोहरासारख्या ठिसूळ लाकडाला हा फरक जिवाचा आहे. बुंध्याच्या अँकरचा मोठा फायदा असा की तिथे खाली सोडता येणारं साधन आणि पुरेसा जास्तीचा दोर ठेवला तर खालचा माणूस वरच्याला जमिनीवरून उतरवू शकतो. म्हणून वापरा, पण आधी दोघांनी मिळून खालून दोराला लटकून फांदी तपासा, आणि मामांचा कोयत्याचा कान घ्याच. बुंध्याशी करवत चालवायची नाही, हा नियम खालच्या दोघांनाही पाठ हवा.

कापताना दुसरी दोरी हवीच, आणि ती मुख्य दोराहून वेगळ्या जागी अडकवलेली. ब्रिटनमध्ये तर २०२० पासून व्यवसायाच्या मार्गदर्शक संहितेत दोन स्वतंत्र अँकरचे दोन दोर हीच सर्वसाधारण अपेक्षा आहे.

प्रतिसाद: लोखंडीजिना

स्टीलच्या तारेबद्दल: हातकरवत घसरली तर ती तार वाचवते. चेनसॉसमोर मात्र फक्त थोडा वेळ मिळतो, पूर्ण भरवसा नको. आणि वीजवाहक तारा जवळ असतील तिथे स्टीलची दोरी वर नेऊच नका. तिथे महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय साधी दोरीसुद्धा टाकायची नाही.

दोर टेम्पोतून नेता का? बॅटरीपासून लांब ठेवा. बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन आतून कुजतो आणि वरून काही दिसत नाही. पेट्रोल-ऑइलच्या कॅनबरोबर एका पिशवीत नको. पावसात भिजला तर सावलीत, हवेशीर जागी पसरून सुकवा, उन्हात नाही.

धागाकर्ता

उत्तम माहिती. आमच्या टेम्पोत बॅटरी सीटखालीच आहे आणि दोरही तिथेच कोंबले जातात. आजच वेगळी पेटी करायला सांगितली.

आता यादी अशी झाली आहे: दोन हार्नेस, ४५ मीटरचे दोन दोर, अरामिडच्या दोऱ्या चार (दोन वापरात, दोन राखीव), कप्प्या, दोन फ्रिक्शन सेव्हर, प्रत्येकी एक कमरेची दोरी, हेल्मेट, आपोआप बंद होऊन लॉक होणारे कॅरॅबिनर, वर दोर टाकायला ३००-४०० ग्रॅमची वजनाची पिशवी आणि बारीक दोरी. दुर्बीण घरातच आहे. काही राहिलं का?

प्रतिसाद: पारंबी

तिसरा संच. दोघं वर आणि दोन्ही संच वरच, तर सुटका कोण आणि कशाने करणार? पैसे पुरत नसतील तर एका वेळी एकच जण वर चढेल असं ठरवा, आणि दुसरा हार्नेस घालून खाली थांबेल. ऑर्डर आली की आधी मीटरभर उंचीवर सराव करा, आणि त्यात मामांनी भाच्याला उतरवायचं, मग भाच्याने मामांना.

धागाकर्ता

एका वेळी एकच, हे पक्कं. सराव शाळेच्या मैदानातल्या आंब्यावर करतो, मुख्याध्यापकांना विचारलं आहे. काही अडलं तर याच धाग्यावर येईन.